टाकातली बाई

१२ जानेवारी १९८१, सोमवार

ही डायरी बहिरूनं दिली. बहिरू म्हणजे माझा धाकटा भाऊ. खताच्या दुकानात त्याला ती फुकट मिळाली. वर बैलाचं चित्र आहे. "आक्का, तू सातवी शिकलीस, लिहीत जा काहीबाही," म्हणाला. तशी मी सगुणा, उरवड्याची, आणि आता मुळशीची.

पहिल्या पानावर नवऱ्याचं नाव लिहावं की नाही? तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहिण्याबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही. नाथा. लिहिलं. काही झालं नाही. तरी यापुढे 'हे'च लिहीन.

लग्नाला आज महिना झाला. हे बिजवर. पहिली रत्ना, तीन वर्षांपूर्वी धरणात बुडून गेली. काठावर हंडा आणि चपला सापडल्या, बाई सापडली नाही. तिची मुलगी बानू आता सहा वर्षांची आहे. घरात सासू सारजाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. साठ मेंढरं, बारा शेरडं, भाताची दोन खाचरं.

आणि माझ्या गळ्यात रत्ना. म्हणजे तिचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत मला माहीत होती, पण माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. पौडच्या सोनारानं तिचे डोळे भलतेच मोठे केलेत. सकाळी आधी तिला कुंकू, मग मला. नवं लुगडं, बांगडी, काहीही आलं की आधी तिला लावायचं. विसरलं तर ती कोपते आणि पोरीच्या जिवावर उठते, असं आत्याबाई सांगतात.

मला तिची भीती नाही वाटत. मला बानूचं वाटतं. पोर माझ्याशी बोलत नाही. मला 'ए' म्हणते. कोपऱ्यात अंगठा चोखत बसते आणि मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड करते. ही पोर माझी झाली तर या घरात मला काही कमी नाही. नाही झाली तर मी इथं नुसती भाकरी थापायला आले, असंच होईल. म्हणून रत्नाला रोज सांगते, बाई, तुझी रीत मी सगळी सांभाळते, पोर तेवढी माझ्याकडे बघू दे.

१९ जानेवारी, सोमवार

काल लिहायला हात धजला नाही. आज लिहिते.

शनिवारी आम्ही दोघं जेजुरीला गेलो. लग्नानंतर खंडोबाला जायचंच असतं. काल परत येताना पुण्यात उतरलो, कारण यांना कोकरांच्या वाड्यावर टाकायला ताडपत्री हवी होती, आणि ती म्हणे रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगली मिळते. मिलिटरीची असते.

असा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. आमचा पौडचा बाजार म्हणजे भाजी, मीठ-मिरची, मडकी. इथं रस्त्यावर फडकी अंथरून लोकांनी दुसऱ्यांची घरंच्या घरं मांडली होती. किल्ली नसलेली कुलपं, कुलूप नसलेल्या किल्ल्या. एका म्हाताऱ्यापुढं नुसती झाकणं. एकाकडं चष्मे, आणि लोक ते नाकावर चढवून लांब बघून ठरवत होते. कुणाची तरी दारं, कुणाचं तरी पाळण्याचं कडं. ज्यांचं होतं ती माणसं कुठं गेली, असं मला सारखं वाटत होतं. ह्यांना तसलं काही वाटत नसावं. हे ताडपत्रीवर पाणी ओतून बघत होते.

मी तेवढ्यात बांगड्या घेतल्या. हिरव्या. हात साबणानं धुऊन भरून घेतल्या. आणि टाकाला आधी लावायच्या राहिल्या! चार पावलं गेल्यावर आठवलं. आता काढून लावाव्या तर फुटणार. तशीच पुढं गेले. इथूनच सगळं बिघडलं.

पुढं जुन्या कपड्यांचा ढीग घेऊन एक बाई बसली होती. धुतलेले, टाचलेले, नीट घड्या घातलेले कपडे. वयानं माझ्याएवढीच. मी बानूसाठी फ्रॉक मागितला.

"केवढी हाय?"

मी हातानं उंची दाखवली. तिनं एक पिवळा फ्रॉक काढला, वर धरला, आणि तिचं लक्ष माझ्या गळ्याकडं गेलं.

"सवतीचा टाक घातलाईस व्हय? आता कोन घालतंय!"

"आमच्यात घालत्यात. धरनात बुडली बिचारी. मुळशीच्या."

मी सहज बोलले. बाईच्या हातातला फ्रॉक थरथरायला लागला. मग हात, मग खांदे. डोळे टाकातल्या बाईसारखे मोठे झाले. मला म्हणाली, "पोर अंगठा चोखती का अजून? डावा?"

डावाच! मी कुणाला अंगठ्याचं सांगितलं नव्हतं.

"कोरफडीचा गर लावत जा. मारू नगं तिला. कुनाला मारू देऊ नगं."

मग ती टाकाला हात लावायला पुढं झाली. मला ह्यांची हाक आली, "अगं ए, कुटं हायेस?" मी वळून बघितलं आणि परत तिच्याकडं बघितलं, तर बाईनं पदर पुढं ओढून तोंड फिरवलेलं. फ्रॉक माझ्या हातात कोंबलेला. पैसे द्यायला गेले तर मान हलवली. ह्यांच्या खांद्यावर ताडपत्री होती, त्यामुळं ह्यांना ती बाजू दिसलीच नसेल.

यष्टीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाईच्या अंगात रत्ना आली होती. मी बांगड्या आधी लावल्या नाहीत म्हणून. दुसरं काय असणार?

२० जानेवारी, मंगळवार

आत्याबाईंना सांगितलं. त्या शेरडाचं दूध काढत होत्या, चरवी तशीच राहिली. "कशी बोलली? आवाज कसा व्हता?" मी म्हटलं, साधाच. "रागात व्हती का?" मी म्हटलं, नाही, रडवेली होती. त्यांनी चरवी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "पाच रविवार कराय पायजेल. जितं बोलली तितंच जायाचं. पयल्या येळंला चोळी-पातळ, मग निवद. पोरीच्या हातानं."

ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं भुताबितावर विश्वास नाही म्हणून हसतील. हसले नाहीत. "कुटं बसली व्हती ती बाई?" एवढंच तीनदा विचारलं. ताट तसंच ठेवून मेंढरांकडं गेले.

२२ जानेवारी, गुरुवार

काल बुधवारी हे पुन्हा पुण्याला जाऊन आले. ताडपत्रीला भोक निघालं, बदलायची आहे म्हणाले. ताडपत्री मी दोन्ही बाजूंनी बघितली होती, भोक नव्हतं. आणि बदलायला गेलेला माणूस ताडपत्री घरी ठेवून जातो का? मी दाखवली तर म्हणाले, "गप बस."

संध्याकाळी आले ते ओट्यावरच बसले. बानूला मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांत मी कधी पाहिलं नव्हतं. मग मला म्हणाले, "तितं कुनी बाई न्हाई. तू त्या बाजारात परत जायाचं न्हाई." मी कुठं विचारलं होतं? मला वाटतं भूत बघायला गेले आणि घाबरले. पुरुषमाणूस घाबरला की असाच डाफरतो.

२८ जानेवारी, बुधवार

कोरफड लागू पडली. बानूनं अंगठा तोंडात घातला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मला हसू आलं. तीही हसली. पहिल्यांदा.

१ फेब्रुवारी, रविवार

आज बानूला पिवळा फ्रॉक घातला. अगदी मापात बसला. वेणी घालताना ती आपणहून बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"आय पान्यात न्हाई. आय यष्टीत बसली."

मी विचारलं, कधी? म्हणाली, "हंडा ठिवला अन् बसली. मला म्हनली, घरी जा, बोलू नगं." आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तीन वर्षांची होती, तेव्हाही हेच बरळायची, म्हणून तिची दृष्ट काढली होती. खरंच आहे. एवढ्याशा पोराला काय कळतंय? स्वप्न पडलं असेल. पण मला जीव तुटल्यासारखं झालं. आई मेलेली न पटणं म्हणजे रोज नव्यानं मरणं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हे मेंढरं घेऊन उरवड्याच्या शिवारात गेले. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. आठ दिवस तरी येणार नाहीत. जाताना मला पुन्हा बजावलं, बाजारात जायचं नाही. हे वळणाआड गेले तसं आत्याबाई म्हणाल्या, "ऐतवारी जायाचं. त्येचं काय ऐकतीस, त्येला काय कळतंय." दोघांचं ऐकायचं तर मी कसं करायचं, हे काही कुणी सांगत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल गेलो, मी आणि बानू. पिशवीत हिरवं पातळ, चोळीचा खण, हळदकुंकू, नारळ. हे सगळं आधी टाकाला लावून घेतलं, या वेळी चूक नको. बाजारात गर्दी मावत नव्हती. बानूचा हात घट्ट धरून मी कपड्यांची ती जागा शोधली. बाई होती.

मी मागचा-पुढचा विचार केला नाही. पिशवी ठेवली, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, चुकले. बांगड्या आधी लावायच्या राहिल्या. पोरीवर कोपू नगं." लोक थांबून बघायला लागले. बाई पाय मागं घेत होती आणि मी ते सोडत नव्हते.

तेवढ्यात बानू माझ्या मागून म्हणाली, "हीच. हीच यष्टीत बसली व्हती."

तरी मला कळलं नाही! मला वाटलं, पोरीलाही झपाटलं.

बाईनं मला दंडाला धरून उठवलं. "उठ गं बाई, लोक बघत्यात. मी मेले न्हाई. ह्यो हात धर. मेलेल्या बाईचा हात गरम असतोय व्हय?"

गरम होता. हातावर बाभळीच्या काट्याची जुनी खूण होती, नखात साबण होता. मी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गळ्यातल्या टाकाकडं. ही ती, तर मग मी रोज सकाळी कुंकू कुणाला लावते?

तिनं आम्हाला कपड्यांच्या मागं बसवलं, चहा मागवला. बानू तिच्यापासून हातभर लांब बसून तिला निरखत होती. रत्ना सांगायला लागली, आणि सांगताना घड्या घालायची थांबली नाही.

"जीव द्यायालाच गेले व्हते. पोर मागनं आली. तिच्यादेखत उडी टाकवंना. यष्टी थांबली, चढले. वाटलं चार दिसांनी तिला न्यायाला येईन. हितं गंगूबाई म्हनून बोहारीण हाय, तिनं ठिवून घेतलं. महिन्यानं गावचा मानूस भेटला, पदराआड त्यो मला वळखलाबी न्हाई. त्योच सांगत व्हता, नाथाच्या बायकूचं तेरावं झालं. आता तेरावं झालेली बाई परत कशी जायाची? पोरं दगडं मारतील."

"कशापायी गेलीस पन?" मी विचारलं.

"तुला अजून मारलं न्हाई का म्हातारीनं?"

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा हात थांबला.

मला विचारायचं होतं ते मी शेवटपर्यंत विचारू शकले नाही. निघताना तीच म्हणाली, "मला पोर नगं बाई. म्हंजी पायजे. पन मी ऱ्हाती तितं तिला निजवायला जागा न्हाई. तुज्याकडं हाय ती." मग म्हणाली, "टाक काडू नगस. काडलास तर इचारत्याल." तिनं बानूच्या फ्रॉकच्या शिवणीतून निघालेलं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. पातळ ठेवून घेतलं. मी यष्टीभर रडले. बानू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, हेही कालच पहिल्यांदा झालं, पण मला त्याचा आनंद करता येईना.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही सुचत नाही. ती जिवंत आहे, तर मी कोण? सवत जिवंत असली तर मी धाकटी. ती मेलेली असली तर मी टाक घालणारी. आता मी जिवंत बाईचा टाक घालून फिरते, असली बाई कुठल्या रीतीत बसते? सकाळी कुंकू लावायला टाक हातात घेतला आणि लाज वाटली, जशी कुणाच्या तोंडावर न विचारता बोट ठेवावं. तरी लावलं. आत्याबाई बघत होत्या.

त्यांनी खोदून खोदून विचारलं. काय बोलली, पातळ घेतलं का, रडली का. मी म्हटलं, घेतलं, काही बोलली नाही. खोटं बोलले. आणि एक कबूल करते, इथं तरी करते. मला मनातून बरं वाटलं, की ती पोर मागत नाही. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे आले. मी पाणी देतानाच म्हटलं, "तुमाला ठावं व्हतं." ह्यांनी तांब्या खाली ठेवला.

"व्हय. त्या बुधवारी बघितली."

"आन् मला भूत म्हनून राहू दिलं?"

"तिनंच सांगितलं, मेलेली हाय तीच बरी हाय. मला म्हनली, तवा आईचा हात धरला न्हाईस, आता नवीवर तरी पडू देऊ नगस." हे मोठ्यांदा बोलत नव्हते, आत्याबाई अंगणात होत्या. "मी काय करू, सगुना? तूच सांग."

ह्यांनी माझं नाव घेतलं. उद्याच्या रविवारी जा, एवढंच शेवटी तेच म्हणाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल दुसरा रविवार. आत्याबाईंनी पहाटे उठून पुरण घातलं. पोळ्या, कटाची आमटी, वांग्याची भाजी, कुरडई. निवद म्हणून कशालाच बोट लावलं नाही, चव घेतली नाही, झाकून डब्यात भरला. माझ्या जिवाला फार लागलं, की बाई एवढ्या मायेनं मेलेल्या सुनेला रांधते.

रत्नानं डबा उघडला आणि नुसती बघत बसली. मग बानूला एक घास भरवला, आपण खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. म्हणाली, "पाच वर्सं हिच्या हाताखाली नांदले. ताटात तिनं कदी वाढलं न्हाई. उरलंसुरलं मीच घ्यायाची. मेल्यावर पोळी आली बघ." ती हसत होती की काय, मला कळेना.

"जाऊन काय सांगू त्यांना?" मी विचारलं. खोटं पुन्हा पुन्हा सुचत नाही मला.

"सांग, आमटीत मीठ कमी हाय."

मी घरी येऊन तेच सांगितलं. खरं तेवढंच सांगण्यासारखं होतं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. "असं म्हनली?" "व्हय." "ह्याच शब्दांत?" "व्हय, आमटीत मीठ कमी हाय." सुपातले तांदूळ सांडले. त्या उठल्या, शेरडांच्या वाड्यात गेल्या. बऱ्याच वेळानं मी शोधायला गेले तर ताडपत्रीखाली बसलेल्या.

"त्या दिशीबी हेच म्हनली व्हती," त्या म्हणाल्या. "सकाळी. मी हातातलं उलथनं घातलं तिच्या पाठीत. तापलेलं व्हतं. मग ती हंडा घिऊन गेली. ह्ये कुनाला ठावं न्हाई. माझ्या नाथालाबी न्हाई."

मग त्या पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायला नको होता की काय, माहीत नाही. एका मनानं म्हणत होते, सांगून टाक, ती जिवंत आहे. दुसऱ्या मनानं म्हणत होते, ते तुझं सांगायचं नाही. शेवटी काहीच सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस आत्याबाई कुणाशी बोलत नाहीत. मात्र काल बानूला जवळ बसवून विचारत होत्या, "यष्टीत बसली तवा तिनं मागं बघितलं व्हतं का गं?" मी आत गेले तर विषय बदलला. पोरीचं जे बोलणं यांना खुळं वाटत होतं, ते आताच का मनावर घेतलं? तेव्हा तर दृष्ट काढली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

निघायच्या आधी घाईत लिहिते, यष्टीला अर्धा तास आहे. बानू फ्रॉक घालून दारात उभी आहे, सारखी चल चल करतेय.

आज पुन्हा पोळ्या, पुन्हा आमटी. मी डबा घासून आणला तर आत्याबाई चुलीपुढं वाकलेल्या. पळीनं आमटी तळहातावर घेतली, फुंकर मारली आणि चाखली. मला वाटलं विसरल्या. मग त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखली. पुन्हा टाकलं.

"आत्याबाई, निवद उष्टा केला की!" मी म्हटलं. "चालंल का तिला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्यांदा चाखली, मान हलवली, आणि आमटी डब्यात ओतली.

"गप. झाकन घट लाव," त्या म्हणाल्या. "पुन्यापातूर गार व्हतंय."

निवदाला काय गार आणि काय गरम? यांच्या मनात काय आहे, मला काही समजत नाही. पण मी डबा दोन फडक्यांत गुंडाळला.